सोसायटीच्या एसटीपीत छोटे सेन्सर बसवताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

एसटीपीत (सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लांटमध्ये) सेन्सर बसवले, मोबाइलवर आलेख दिसायला लागले आणि दोन महिन्यांत ते कोणी बघेनासं झालं, अशी तक्रार सोसायट्यांच्या कमिट्यांकडून सारखी ऐकू येते. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "आकडे काहीच्या काही येतात." बहुतेक वेळा सेन्सर चांगला असतो, कामाचा क्रम चुकलेला असतो. आधी अ‍ॅप, मग सर्किटची पेटी, मग प्रोब (पाण्यात बुडणारी सेन्सरची कांडी) थेट टाकीत, आणि कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या द्रावणावर आकडा जुळवणं) सवडीनं. सांडपाणी ही सवड देत नाही. आठवडाभरात प्रोबवर बुळबुळीत थर चढतो आणि तिथून पुढे सेन्सर पाण्याऐवजी त्या थराचं मोजमाप सांगत राहतो.

हा लेख पन्नास ते तीनशे फ्लॅटच्या सोसायटीतल्या, तळघरात असलेल्या एसटीपीसाठी आहे. एमबीबीआर (फिरत्या प्लास्टिक तुकड्यांवर जिवाणू वाढवणारी टाकी) असो की साधी एअरेशन टाकी (जिवाणूंसाठी हवा सोडतात ती), क्रम तोच राहतो.

सुरुवातीलाच दोन इशारे

सेन्सर बसवायला, काढायला किंवा अडकलेली केबल सोडवायला कोणीही टाकीत उतरायचं नाही. 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणूनही नाही. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाकाला वास येणंच बंद होतं, म्हणून 'आता वास येत नाही' याचा अर्थ हवा शुद्ध आहे असा होत नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला मैल्याच्या टाकीत उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. प्रत्येक प्रोब वर उभं राहून हातानं ओढून काढता आला पाहिजे. तसा येत नसेल तर ती जागा चुकली.

दुसरं म्हणजे हे सेन्सर प्रयोगशाळेची जागा घेत नाहीत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात ज्या मर्यादा लिहिल्या आहेत, त्यांचा पुरावा म्हणून यांचे आकडे चालणार नाहीत. दोन प्रयोगशाळा अहवालांच्या मधल्या काळात प्लांटचं काय चाललं आहे हे कळावं, एवढ्यासाठीच ते बसवायचे.

## टप्पा १: आधी प्रश्न ठरवा, मग सेन्सर

"सगळं मोजू या" म्हणून सात प्रोब घेतले की सातही नीट सांभाळले जात नाहीत. कागद घ्या आणि प्लांटचं तुम्हाला सर्वात जास्त काय सतावतं ते एका ओळीत लिहा. सेन्सर त्यावरून निघतो.

रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) खरंच चालतो का? यासाठी पाण्यात काहीच टाकावं लागत नाही. ब्लोअरच्या वायरवर चिमट्यासारखा बसणारा करंट सेन्सर लावा. तो भिजत नाही, त्याच्यावर थर चढत नाही आणि महिनोन्‌महिने खरं सांगतो. माझं स्पष्ट मत आहे की पहिला सेन्सर हाच घ्यावा. पुढे पाण्यातल्या प्रत्येक आकड्याचा खरेखोटेपणा याच्याच आधारानं तपासता येतो.

हवा पुरेशी मिळते का, की वीज वाया जाते? एअरेशन टाकीत विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, आणि त्याच्यासोबत तापमान.

फ्लशला जाणारं पाणी गढूळ का येतं? फिल्टरनंतरच्या पाइपवर टर्बिडिटी, म्हणजे गढूळपणा.

कोणी अ‍ॅसिड किंवा तीव्र क्लीनर ओततं का? जिवाणू अचानक का मरतात? इक्वलायझेशन टाकीत (आत येणारं सांडपाणी आधी साठवतात ती) पीएच.

टँकरचं किंवा बोअरचं खारं पाणी मिसळतं का? कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते ते. टीडीएस (विरघळलेले क्षार) हे सेन्सर वेगळा मोजत नाहीत. कंडक्टिव्हिटीला साधारण ०.५ ते ०.७नं गुणून तो काढतात. म्हणून नोंदवहीत मूळ कंडक्टिव्हिटी लिहा.

बीओडी (घाण मोडताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) मोजणारा छोटा सेन्सर विकायला कोणी आलं तर त्याला एकच विचारा: हा मोजतो की अंदाज करतो? आपल्याकडची प्रमाण चाचणी म्हणजे नमुना २७ अंशांना तीन दिवस ठेवून त्यात किती ऑक्सिजन खर्च झाला ते बघणं. पाण्यात बुडवलेली कांडी हे काम क्षणात करू शकत नाही. ती दुसरंच काही मोजून त्यावरून बीओडीचा आकडा काढते, आणि तो अंदाज तुमच्या पाण्यावर ताडून पाहिल्याशिवाय कामाचा नसतो.

तपासणी: पहिल्या वर्षासाठी यादीत करंट सेन्सर धरून तीनपेक्षा जास्त सेन्सर असतील तर यादी कापा.

## टप्पा २: पंधरा दिवस हातानं नोंद

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि नंतर आलेखात दिसणारं चांगलं की वाईट हे कोणालाच सांगता येत नाही. सेन्सर यायच्या आधी पंधरा दिवस, रोज ठरलेल्या तीन वेळांना नोंद करा. सकाळी आठला, कारण तेव्हा आंघोळी आणि कपडे धुण्याचं पाणी एकदम येतं. दुपारी तीनला आणि रात्री अकराला.

हातातला पीएच मीटर, साधा तापमापक आणि एक लिटरचं मापाचं नळकांडं एवढं पुरतं. नळकांड्यात एअरेशन टाकीतलं पाणी भरून तीस मिनिटं न हलवता ठेवा आणि गाळ कितीवर बसला ते लिहा. ऑपरेटर ही चाचणी बहुधा करतच असतात, फक्त आकडा कुठे लिहिलेला नसतो. पाण्याचा रंग, वास, फेस हेही लिहा. "तपकिरी, मातीसारखा वास" ही उत्तम नोंद आहे. "काळपट, कुजका वास" ही धोक्याची.

याच काळात मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी एकदा तपासून घ्या: पीएच, बीओडी, सीओडी (घाण रसायनानं मोडायला लागणारा ऑक्सिजन), टीएसएस (पाण्यातले न विरघळलेले कण) आणि अमोनिया. अहवाल आला की शेजारी संमतीपत्र ठेवा. पर्यावरण मंत्रालयाच्या २०१७च्या अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडी २० आणि इतरत्र ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर अशी मर्यादा होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१९च्या आदेशात ती १०वर आणायला सांगितली. तुम्हाला लागू होतो तो आकडा तुमच्या संमतीपत्रातला. शेजारच्या सोसायटीचं बघून ठरवू नका.

## टप्पा ३: जागा

सेन्सर चांगला आणि जागा वाईट, हा पैसा पाण्यात घालवण्याचा सर्वात सोपा मार्ग आहे.

डीओ. डिफ्युझरच्या (टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या नळीच्या) बरोबर वर टांगू नका. तिथे बुडबुडे प्रोबच्या तोंडाला चिकटतात आणि आकडा उगाच चढा येतो. कोपऱ्यातही नको, कारण तिथे पाणी फिरत नाही. डिफ्युझरच्या दोन रांगांच्या मध्ये, भिंतीपासून हातभर आत आणि पृष्ठभागाखाली दीड-दोन फूट ही जागा बहुतेक टाक्यांत जमते. प्रोब उभा न टांगता थोडा तिरपा ठेवा, म्हणजे तोंडाखाली बुडबुडा अडकून राहत नाही. एमबीबीआरमध्ये फिरणारं प्लास्टिक मीडिया प्रोबवर आदळतं. तिथे भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपचा पिंजरा करा, भोकं मीडियापेक्षा लहान ठेवा.

पीएच. बार स्क्रीनच्या (कचरा अडवणाऱ्या जाळीच्या) आधी कधीच नको, केस आणि चिंध्यांनी तो पहिल्याच दिवशी गुंडाळला जाईल. इक्वलायझेशन टाकीतला पंप जिथे पाणी ढवळतो त्या बाजूला ठेवा. टाकीची पातळी खाली गेली तरी काचेचा गोळा पाण्यातच राहील एवढा खोल. कोरडा पडलेला पीएच प्रोब लवकर मरतो.

टर्बिडिटी. टाकीत नको. फिल्टरनंतरच्या पाइपला बारीक फाटा काढा, तो एका काळ्या, बंद डब्यातून न्या आणि सेन्सर त्या डब्यात बसवा. पाणी खालून आत आणि वरून बाहेर, म्हणजे बुडबुडे निघून जातात. उजेड आत आला किंवा बुडबुडा समोर आला, तर सेन्सर स्वच्छ पाण्यालाही गढूळ म्हणतो. वॉशिंग मशीनमध्ये वापरतात तसले स्वस्त टर्बिडिटी सेन्सर स्वच्छ पाण्यातला बारीक फरक ओळखू शकत नाहीत. फिल्टर तुंबला किंवा फुटला हे ते सांगतील, पण पाणी २ एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) आत आहे का हे सांगणार नाहीत. त्यासाठी ९० अंशात विखुरलेला अवरक्त प्रकाश मोजणारा सेन्सर घ्यावा लागतो.

तपासणी: ठरवलेल्या जागी काठीला रिकामी बाटली बांधून नमुना काढून बघा. ऑपरेटरला एका हातानं, न वाकता, तो काढता आला पाहिजे. बाटलीला जे जमत नाही ते प्रोबला रोज जमणार नाही.

## टप्पा ४: बादलीत कॅलिब्रेशन

टाकीजवळ जायच्या आधी प्रत्येक सेन्सर टेबलावर आणि बादलीत तपासायचा. नोंदवहीत यासाठी वेगळं पान ठेवा.

### पीएच

पीएच ७ आणि ४ची ताजी बफर द्रावणं (ज्यांचा पीएच ठरलेला असतो अशी) घ्या. शक्य असेल तर ९.२चंही. प्रोब आधी साध्या शुद्ध पाण्यानं धुवा, टिश्यूनं नुसतं टिपा. काच घासू नका. आधी ७मध्ये, आकडा स्थिरावेपर्यंत, मग धुऊन ४मध्ये. वापरलेलं बफर बाटलीत परत ओतू नका.

आता एक छोटी गोष्ट करा, ती पुढे वर्षभर उपयोगी पडते. दोन्ही बफरांत मॉड्यूलचं (प्रोबला जोडलेल्या छोट्या सर्किटचं) जे व्होल्टेज आलं ते लिहा आणि त्यांच्यातला फरक काढा. हा नव्या प्रोबचा फरक. पुढे दर महिन्याला जवळपास त्याच तापमानाला हाच फरक पुन्हा काढायचा. तो पहिल्या दिवसाच्या ८५ टक्क्यांखाली आला आणि साफ करूनही वर गेला नाही, तर प्रोब संपला. या चाचणीला मॉड्यूलच्या आतलं गणित ठाऊक असायची गरज नाही.

पीएचच्या प्रोबची एक फसवणूक मात्र प्रत्येकानं लक्षात ठेवावी. पीएच ७ म्हणजे प्रोबमधून शून्य मिलिव्होल्ट. केबल आतून शॉर्ट झाली किंवा कनेक्टरमध्ये ओल गेली की शून्यच मिळतं, आणि पडद्यावर छान ७ उमटतो. सांडपाण्याचा पीएचही ७च्या आसपासच असतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. महिनाभर सरळ रेषेत ७ दिसत असेल तर आनंद मानू नका, प्रोब ४च्या बफरमध्ये बुडवून बघा. तिथेही ७ आला तर दोष कुठे आहे हे कळलं.

इशारा: प्रोब डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात ठेवू नका, आतलं मीठ बाहेर झिरपतं. टोपीत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण असावं.

### डीओ

स्वस्तातले डीओ सेन्सर गॅल्व्हॅनिक असतात: पुढे पातळ पडदा, आत इलेक्ट्रोलाइट. टोपी चढवताना आत बुडबुडा राहिला तर आकडा कधीच स्थिर होत नाही. म्हणून टोपी भरा, प्रोब उभा धरा, सावकाश फिरवत बसवा आणि जास्तीचं द्रावण बाहेर सांडू द्या. ऑप्टिकल सेन्सर महाग पडतो, पण त्यात इलेक्ट्रोलाइटची कटकट नाही. कमिटीचं बजेट परवानगी देत असेल तर एअरेशन टाकीसाठी तोच घ्या.

वरचा बिंदू: बादलीभर नळाच्या पाण्यात फिश टँकचा एअर पंप अर्धा तास चालवा. पाणी हवेनं भरलं. आता किती आकडा यायला हवा हे तापमान आणि उंची दोन्हींवर ठरतं. २५ अंशांना समुद्रसपाटीला, म्हणजे मुंबईत, सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर. पुणं साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, तिथे तेच पाणी ७.७च्या आसपास भरतं. इंटरनेटवरून उचललेल्या कोडमध्ये बहुधा समुद्रसपाटीचा तक्ता असतो. पुण्यात तो तसाच ठेवलात तर सगळे आकडे सात टक्के फुगलेले येतील.

खालचा बिंदू: ताज्या सोडियम सल्फाइटच्या द्रावणात पाच-दहा मिनिटं. आकडा शून्याजवळ यायला हवा. नंतर प्रोब भरपूर पाण्यानं धुवा.

गॅल्व्हॅनिक सेन्सर मोजताना स्वतःच ऑक्सिजन खातो, त्यामुळे थांबलेल्या पाण्यात आकडा आपोआप घसरतो. बादलीत मोजताना प्रोब सावकाश हलवत राहा.

### टर्बिडिटी आणि कंडक्टिव्हिटी

कंडक्टिव्हिटीसाठी १४१३ मायक्रोसीमेन्सचं प्रमाण द्रावण मिळतं. एका अंशाला साधारण २ टक्के फरक पडतो, म्हणून तापमानाची भरपाई चालू आहे ना, ते बघा. टर्बिडिटीसाठी स्वतःच्या पाण्याचे चार-पाच नमुने घ्या: अगदी स्वच्छ, थोडं गढूळ, बॅकवॉशच्या (फिल्टर उलट धारेनं धुण्याच्या) आधीचं, नंतरचं. ते एकाच दिवशी प्रयोगशाळेत द्या आणि त्याच वेळी सेन्सरवरही मोजा. दोन्ही आकडे शेजारी मांडलेत की तुमच्या प्लांटचा स्वतःचा तक्ता तयार होतो.

तपासणी: सगळे प्रोब एकाच बादलीत सोडा. मग एकेक बाहेर काढा. कंडक्टिव्हिटीचा प्रोब काढल्याबरोबर पीएच उडी मारत असेल, तर दोघांचे सर्किट पाण्यातून एकमेकांत मिसळताहेत. प्रत्येक प्रोबला वेगळं आयसोलेशन मॉड्यूल लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. टाकीत गेल्यावर हा दोष शोधायला आठवडे जातात.

## टप्पा ५: पेटी, वीज, केबल

तळघरातली हवा दमट असते आणि तिच्यातला हायड्रोजन सल्फाइड तांबं आणि चांदी काळी पाडतो. पेटी टाकीच्या झाकणावर नको, पाच-सहा फूट दूर, भिंतीवर आणि मोकळ्या हवेच्या बाजूला असावी. आयपी६५ (धूळ आणि पाण्याची धार आत न घेणारी) पेटी, केबल खालच्या बाजूनं, प्रत्येकीला केबल ग्लँड. वरून केबल घेतली की ओल तिच्यावरून सरळ आत उतरते. आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि दर महिन्याला बदला. सर्किट बोर्डावर संरक्षक लेप मारून घ्या, कनेक्टर सोडून.

बोर्ड ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर) असेल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. त्याच्या पिनांना ३.३ व्होल्टच चालतात आणि बाजारातली बरीच मॉड्यूल ५ व्होल्टपर्यंत देतात, तेव्हा मध्ये व्होल्टेज डिव्हायडर हवा. वायफाय चालू असताना त्याच्या अर्ध्या अ‍ॅनालॉग पिना, म्हणजे एडीसी२च्या, वापरता येत नाहीत. आणि उरलेल्यांचं मोजमापही सरळ रेषेत नसतं. एडीएस१११५ हा वेगळा १६ बिटचा मोजणारा बोर्ड लावला की यातल्या दोन अडचणी एकदम जातात.

पंधरा-वीस फुटांपेक्षा लांब अंतर असेल तर अ‍ॅनालॉग सेन्सरचा नाद सोडा आणि आरएस-४८५चे (लांब केबलवरून डिजिटल आकडे पाठवणारे) सेन्सर घ्या. सेन्सरच्या वायरी ब्लोअरच्या केबलसोबत एकाच पाइपातून नेऊ नका. ब्लोअर सुरू होताना कॉन्टॅक्टर (त्याचा विजेवर चालणारा स्विच) खटकला की तुमच्या आलेखात काटा उमटेल.

तळघरात वायफाय बहुधा पोचत नाही. लोरा (कमी विजेवर दूरवर आकडे पाठवणारा रेडिओ) वापरणार असाल तर भारतात परवान्याशिवाय चालणारा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे. ९१५चं मॉड्यूल स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.

इशारा: ओल्या जागेतली २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच, आणि तिच्यावर आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

## टप्पा ६: पाण्यात उतरवणं आणि पहिला आठवडा

आता प्रोब टाकीत. पण अलर्ट अजून बंद ठेवा. पहिले सात दिवस सेन्सरचा आकडा आणि हातातल्या मीटरचा आकडा एकाच वेळी, एकाच जागी घेऊन शेजारी लिहा. पीएचमध्ये ०.३पर्यंत आणि डीओमध्ये ०.५पर्यंत फरक मी चालवून घेतो. फरक जास्त असेल तर कोडमध्ये आकडा जुळवून टाकायचा मोह होतो. तसं करू नका. प्रोब धुवा, पुन्हा मोजा, मग बादलीत न्या. आधी कारण, मग दुरुस्ती.

आमच्या सोसायटीत हा आठवडा आम्ही वगळला होता. पहिल्याच महिन्यात डीओ उतरत उतरत ०.४वर आला. ऑपरेटर मामांनी दुसरा ब्लोअरही सुरू केला, तरी आकडा हलेना. नऊ दिवस दोन्ही ब्लोअर रात्रंदिवस चालले. शेवटी उसना मीटर आणून टाकीत धरला तर ३.९. प्रोब वर ओढला तेव्हा त्याच्यावर राखाडी, जाड मोजा चढवल्यासारखा थर होता आणि त्यात लांब केस गुंतलेले. त्या थरातले जिवाणू पडद्यापर्यंत पोचायच्या आधीच ऑक्सिजन खात होते. मामा म्हणाले, "पाणी तर बरं दिसत होतं हो, वासही नव्हता. पण मोबाइल खोटं सांगेल असं वाटलं नाही." त्यांचे डोळे आणि नाक बरोबर सांगत होते. त्यांना विचारायला हवं होतं, ते आम्ही विचारलं नाही. तेव्हापासून ऑपरेटरचा शेरा हा आमच्या नोंदवहीत पहिला रकाना असतो.

## टप्पा ७: नोंद आणि अलर्ट

दर दहा सेकंदांनी मोजा, पाच मिनिटांच्या तीस आकड्यांतला मधला आकडा साठवा. सरासरी नको. एकच बुडबुडा सरासरी बिघडवतो, मधल्या आकड्याला तो धक्का लावत नाही. कच्चं व्होल्टेजही सोबत साठवा, म्हणजे कॅलिब्रेशन चुकलं असं नंतर कळलं तरी जुने आकडे सुधारता येतात.

पेटीवर एक बटण लावा: 'देखभाल सुरू'. प्रोब धुताना ते दाबायचं आणि त्या वेळचे आकडे वेगळे खुणावले जायचे. हे बटण नसेल तर दर सोमवारी आलेखात एक डोंगर दिसतो आणि सहा महिन्यांनी तो कशाचा हे कोणालाच आठवत नाही.

अलर्ट एका आकड्यावर कधीच नको. दोन अटी जोडा:

- डीओ १च्या खाली सलग अर्धा तास आणि ब्लोअर चालू: प्रोब मळलाय, डिफ्युझर फुटलाय किंवा भार वाढलाय. आधी प्रोब धुवा.
- डीओ घसरतोय आणि ब्लोअर बंद: लगेच फोन.
- ब्लोअर तासभर बंद आणि डीओ तरीही ४च्या वर: आकडा खोटा आहे. प्रोबच्या तोंडाशी बुडबुडा असेल किंवा प्रोब पाण्याबाहेर आला असेल.
- कोणताही आकडा सहा तास जराही हलला नाही: सेन्सर किंवा केबल गेली. खरं सांडपाणी इतकं स्थिर नसतं.
- वीस मिनिटं नोंदच नाही: वीज किंवा नेटवर्क.

पहिला अलर्ट ऑपरेटरकडे जावा, कमिटीच्या ग्रुपवर नाही. ग्रुपवर पडलेल्या अलर्टला सगळे बघतात आणि कोणीच खाली उतरत नाही.

आकडे वाचताना घाई करू नका. सकाळी आठ ते दहा डीओ खाली जाणं आणि दुपारी वर येणं हे निरोगी प्लांटचं लक्षण आहे. एअरेशन टाकीतला पीएच महिनाभरात हळूहळू ७.२वरून ६.५कडे सरकत असेल, तर बहुधा नायट्रिफिकेशन (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) चालू आहे आणि पाण्यातली अल्कलिनिटी (आम्ल झेलायची ताकद) संपत आली आहे. एक मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजन मोडायला साधारण ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी लागते. अल्कलिनिटी तपासून घ्या, लगेच चुना ओतायला धावू नका. दिवाळीच्या साफसफाईत इक्वलायझेशन टाकीत पीएचचे खोल खड्डे दिसले तर ते बहुधा खरेच असतात. सोसायटीत सूचना लावायची वेळ तीच.

क्लोरीनसाठी ओआरपी प्रोब (पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद मिलिव्होल्टमध्ये दाखवणारा) लावलेल्यांना एक सूचना. ६५० मिलिव्होल्टचा आकडा सगळीकडे दिसतो, पण तो पोहण्याच्या तलावाचा आहे. एसटीपीच्या पाण्यात अमोनिया उरलेला असेल तर क्लोरीन त्याच्याशी जोडला जातो आणि ओआरपी तिथवर चढतच नाही. आकडा चढवण्यासाठी हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइटचा) डोस वाढवत राहू नका. किटनं क्लोरीन मोजा, आणि ओआरपी फक्त डोसिंग पंप बंद पडला हे कळण्यापुरता वापरा.

## टप्पा ८: धुणं, तपासणं, बदलणं

हे वेळापत्रक छापून पेटीच्या दारावर चिकटवा.

दर तीन दिवसांनी: डीओ आणि पीएच प्रोब वर काढून नळाच्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवायचे. पडदा मऊ ओल्या कापडानं पुसायचा, नख लावायचं नाही. धुण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे लिहायचे. या दोन आकड्यांतला फरक तुम्हाला सांगतो की तीन दिवस जास्त होतात की कमी. फरक नगण्य असेल तर आठवड्यावर जा, मोठा असेल तर रोज धुवा.

दर आठवड्याला: हातातल्या मीटरशी ताळा. टर्बिडिटीचा डबा उघडून काच पुसायची.

दर महिन्याला: पूर्ण टप्पा ४, बादलीसकट. पीएचच्या प्रोबवर तेलकट थर असेल तर भांडी घासायच्या द्रवाच्या पातळ पाण्यात थोडा वेळ, पांढरा क्षार असेल तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं. मग भरपूर धुऊन साठवणीच्या द्रावणात तासभर, आणि त्यानंतरच कॅलिब्रेशन. आम्लातून काढून थेट कॅलिब्रेशन केलं की तो आकडा दोन दिवसांत सरकतो.

इशारा: आम्ल आणि हायपो एकाच बादलीत किंवा एकाच मोरीत ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो. तळघरात तो जीवघेणा ठरतो. प्रोब धुताना हातमोजे आणि चष्मा, आणि नंतर साबणानं हात.

दर तीन महिन्यांनी: प्रयोगशाळेचा अहवाल आणि त्याच दिवसाचे सेन्सरचे आकडे एका पानावर. नमुना घेतल्याची नेमकी वेळ लिहून ठेवा, नाहीतर तुलना निरर्थक होते. संमतीपत्रात याहून कमी अंतरानं तपासणी सांगितली असेल तर त्या अंतरानं.

एक सुटा पीएच प्रोब, डीओच्या दोन टोप्या आणि इलेक्ट्रोलाइट कपाटात असू द्या. बाटल्यांवर उघडल्याची तारीख मार्करनं लिहा. पीएच प्रोब नुसता कपाटात पडला तरी म्हातारा होतो, म्हणून दोन-तीन घेऊन ठेवू नका. बदलायची वेळ आली की जुना प्रोब ई-कचऱ्यात द्यायचा. आणि नवा कितीही चांगल्या कंपनीचा असला, डब्यातून काढून थेट टाकीत सोडायचा नाही. त्याचं पहिलं पाणी बादलीतलं: ७चं बफर, ४चं बफर, दोन्ही व्होल्टेज, त्यांच्यातला फरक, तारीख, आणि मोजणाऱ्याची सही.